विधिमंडळ गप्प बसलं, तर वटहुकमाचं काय होतं?

मुठाकाठ (धागाकर्ता)

अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांनी शपथ घेतल्यावर दहाच दिवसांत, २० डिसेंबर २०२३ ला, एक वटहुकूम काढला. त्यात ३६६ कलमं होती. घरभाड्याचा कायदा रद्द, कामगार कायद्यांत बदल, औषधविक्री, विमान वाहतूक, सगळं एकाच कागदात. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सिनेटनं तो ४२ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला. आपल्याला वाटेल, संपलं. पण वटहुकूम लागूच राहिला. कामगारांबद्दलचा भाग न्यायालयांनी रोखून धरला तेवढाच. याचं कारण तिथला २००६ चा कायदा. वटहुकूम रद्द व्हायला दोन्ही सभागृहांनी तो फेटाळावा लागतो. एका सभागृहानं फेटाळला आणि दुसरं नुसतं बसून राहिलं, तर राष्ट्राध्यक्ष जिंकले.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट आहे. अनुच्छेद १२३ खाली राष्ट्रपती (म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळ) आणि २१३ खाली राज्यपाल अधिवेशन चालू नसताना अध्यादेश (म्हणजेच वटहुकूम) काढतात. अधिवेशन पुन्हा सुरू झालं की सहा आठवड्यांत तो मंजूर व्हायला हवा. नाही झाला, तर आपोआप मेला. कोणी फेटाळायचीही गरज नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणजे अध्यादेशाचं आयुष्य ओढूनताणून साडेसात महिने.

सत्ता एका हातात एकवटते आहे का, हे तपासताना सही कोणाची आणि माणूस किती आडदांड, याचीच चर्चा होते. माझं म्हणणं असं की आधी हे बघावं : विधिमंडळ गप्प बसलं तर कायदा त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘होकार’ लावतो की ‘नकार’? आणि नकार असेल, तर तो नकार चुकवायला सरकारनं कुठून वाट काढली?

आपल्याकडे ती वाट बिहारनं काढली, आणि ती शोधून काढली पुण्यातल्या एका प्राध्यापकानं.

डॉ. डी. सी. वाधवा गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेत होते. बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की ज्याला सगळे कायदा म्हणतायत तो कायदा नाहीच, अध्यादेश आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालूच आहे. मग त्यांनी राजपत्रं काढून बसून मोजणी केली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ अध्यादेश काढले होते आणि एकेक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत ते जिवंत ठेवले होते. ऊस पुरवठा आणि खरेदीचा एक अध्यादेश १३ वर्षं, ११ महिने आणि १९ दिवस चालला. ही उसाची गोष्ट मुद्दाम सांगतो. शेतकऱ्यानं ऊस कोणाला घालायचा हे त्या सगळ्या काळात विधानसभेनं ठरवलेलंच नव्हतं.

हे कसं केलं? अगदी सोपं. अधिवेशन भरायचं, सहा आठवडे संपायच्या आत ते संस्थगित करायचं (म्हणजे रीतसर संपवायचं), आणि लगेच तेच अध्यादेश त्याच मजकुरासह पुन्हा काढायचे. २९ जुलै १९८१ चं संसदीय कामकाज विभागाचं एक परिपत्रक न्यायालयापुढे आलं. अधिवेशन संस्थगित झालं आहे, तेव्हा सर्व विभागांनी आपापले अध्यादेश पुन्हा काढण्याची तजवीज करावी, असा त्याचा आशय. मला त्या २५६ आकड्यापेक्षा या परिपत्रकाचा धक्का जास्त बसतो. त्यात घाबरून, लपूनछपून काही नाही. पगारबिलाची आठवण करून द्यावी तसं ते पत्र आहे.

वाधवांनी १९८३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा आक्षेप : पुण्याच्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशाशी संबंध काय? पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हा आक्षेप फेटाळला. २० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की असे अध्यादेश पुन्हा पुन्हा काढणं ही घटनेची फसवणूक आहे. वाधवांच्या श्रमांपोटी बिहार सरकारनं त्यांना १०,००० रुपये द्यावेत, असंही त्यात आहे.

तुमचं मत वाचायला आवडेल. इतर देशांतली उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

तगर

फार महत्त्वाचा विषय. धन्यवाद, मुठाकाठ.

या अधिकाराचं मूळ ब्रिटिशांच्या काळात आहे, म्हणून एक उदाहरण. १ मे १९३० ला व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून लाहोर कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमलं. आरोपी हजर नसले तरी खटला चालवायची मुभा, आणि उच्च न्यायालयात अपील नाही. वटहुकमाचं आयुष्य सहा महिने, म्हणजे न्यायाधिकरणाचंही तेवढंच. ३१ ऑक्टोबरला ते संपणार होतं. ७ ऑक्टोबरला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना फाशी सुनावली गेली. विधिमंडळापुढे हा वटहुकूम कधी गेलाच नाही.

प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयात, विचारलं गेलं की आणीबाणीची अशी कोणती परिस्थिती होती? उत्तर मिळालं : ती होती की नाही हे ठरवणारा एकटा गव्हर्नर जनरल. न्यायालयानं त्यात शिरायचं कारण नाही.

आता १९७५ ची ३८ वी घटनादुरुस्ती बघा. अध्यादेशाची गरज आहे ही राष्ट्रपतींची खात्री अंतिम, तिला न्यायालयात आव्हान नाही, असं त्या दुरुस्तीनं लिहून टाकलं. पंचेचाळीस वर्षांनी, स्वतंत्र देशात, तेच उत्तर. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं ते वाक्य काढलं हे आपलं नशीब.

म्हणून मला वाटतं, गप्प बसण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याच्याइतकाच ‘गरज होती का’ हे विचारायचा हक्क कोणाला आहे, हाही मुद्दा आहे.

साधाच

धाग्याच्या सुराशी माझं जमत नाही. नीट सांगतो.

निवडून आलेल्या सरकारला काम करायचं असतं. २२ एप्रिल २०२० ला साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश निघाला. डॉक्टर, नर्स, आशाताईंवर हल्ले होत होते, संसद २३ मार्चलाच उठली होती, टाळेबंदीत खासदार दिल्लीला येणार कसे? तो अध्यादेश नसता तर त्या लोकांना संरक्षण कोणी दिलं असतं? संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. अधिवेशन नसताना अचानक प्रसंग उभा राहिला आणि प्रचलित कायदा अपुरा पडला, तर कार्यकारी मंडळानं हात बांधून बसायचं का? आणि हा समांतर अधिकार नाही, संसद चालू असताना तो वापरता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दुसरं म्हणजे सभागृहं चालतात कुठे? दिवसच्या दिवस गोंधळात जातात. विरोधकांनी कामकाज बंद पाडायचं आणि सरकारनं अध्यादेश काढला की लोकशाही धोक्यात म्हणायचं, हे पटत नाही.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

मी मंत्रालयात बरीच वर्षं होतो, त्यामुळे अध्यादेश कसा तयार होतो ते जवळून पाहिलं आहे. विभागाकडून प्रस्ताव, विधि व न्याय विभागाकडून मसुदा, मंत्रिमंडळ, मग राज्यपालांची सही, मग राजपत्राचा भाग आठ, असाधारण. प्रत्येक अध्यादेशाची सुरुवात ठरलेली : ‘ज्याअर्थी, राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी, तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे’. या ‘ज्याअर्थी’च्या पुढे ती परिस्थिती कोणती हे खरं तर ठसठशीत लिहायला हवं. कित्येकदा तिथे काहीतरी गुळगुळीत वाक्य असतं. तरुणपणी मला वाटायचं हा मजकूर म्हणजे उपचार. आज वाटतं, नागरिकानं सगळ्यात आधी तेवढाच मजकूर वाचावा. तातडी खरी असेल तर ती दोन ओळींत सांगता येते.

साधाच यांच्याशी मी अर्धा सहमत. तातडीचे प्रसंग येतात. पण अधिवेशनाची तारीख ठरलेली असताना त्याआधी चार दिवस अध्यादेश काढायची घाई होते, तेव्हा त्यामागे दुसरंच काहीतरी असतं.

वाचनवेडी

कक्ष अधिकारी काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून १९६९ आठवलं. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश १९ जुलैला निघाला. त्यावर सही करणारे व्ही. व्ही. गिरी त्या वेळी हंगामी राष्ट्रपती होते, आणि राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवायला दुसऱ्याच दिवशी पायउतार व्हायचे होते. संसदेचं अधिवेशन होतं २१ जुलैला. दोन दिवस थांबता आलं नसतं? मुंबईच्या सेंट्रल बँकेचे संचालक रुस्तम कूपर कोर्टात गेले, पालखीवालांनी बाजू मांडली, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द झाला. पण तो नुकसानभरपाई आणि भेदभावाच्या मुद्द्यावर. तोवर अध्यादेशाची जागा कायद्यानं घेतली होती, म्हणून तातडी खरंच होती का, हा प्रश्न न्यायालयानं सोडून दिला.

राष्ट्रीयीकरण योग्य होतं असं माझं मत आहे. तरीही ते दोन दिवस मला खटकतात.

तुंगभद्रा

+१ वाचनवेडी. निर्णय आवडला म्हणून पद्धत माफ करायची, हे आपण सगळेच करतो.

हडसनपार

मी अमेरिकेत राहतो, इथलं थोडं लिहितो. इथे राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाला संपायची तारीखच नसते. पुढचा राष्ट्राध्यक्ष रद्द करेल, कोर्ट अडवेल, किंवा काँग्रेस (म्हणजे इथली संसद) कायदा करेल, तोवर तो चालू. १९५२ मध्ये ट्रूमननी पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा आदेश काढला तो सर्वोच्च न्यायालयानं मोडला, ती गाजलेली केस. पण प्रत्येक आदेश कोर्टापर्यंत पोचत नाही.

मुठाकाठ म्हणतात ती ‘गप्प बसण्याची’ गोष्ट इथे राष्ट्रीय आणीबाणीच्या कायद्यात स्पष्ट दिसते. १९७६ चा कायदा करताना काँग्रेसनं स्वतःकडे चावी ठेवली होती : दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केला की आणीबाणी संपली. १९८३ मध्ये एका वेगळ्याच, चढ्ढा नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा ठरावांवर राष्ट्राध्यक्षाची सही हवी. म्हणजे ज्याची आणीबाणी, त्याचीच सही! तो नकार देणार आणि मग दोन तृतीयांश मतं लागणार. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली. दोन्ही सभागृहांनी विरोधात मत दिलं, ट्रम्पनी नकाराधिकार वापरला, दोन तृतीयांश जमले नाहीत, विषय संपला. आणि कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणच्या ओलीस प्रकरणात जाहीर केलेली आणीबाणी? ती आलेल्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षानं दर वर्षी वाढवली आहे. ओलीस १९८१ मध्येच सुटले.

तगर

आणि वायमार जर्मनी, म्हणजे हिटलरच्या आधीचं जर्मन प्रजासत्ताक. तिथल्या घटनेच्या ४८ व्या कलमात राइशस्टागला (संसदेला) वटहुकूम रद्द करवायचा अधिकार होता. जुलै १९३० मध्ये चॅन्सेलर (सरकारचे प्रमुख) ब्रूनिंग यांचा अंदाजपत्रकाचा वटहुकूम राइशस्टागनं खरोखरच मोडला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनी काय केलं? राइशस्टागच विसर्जित केली आणि वटहुकूम पुन्हा काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७ वर गेले. १९३२ मध्ये जर्मन संसदेनं केलेले कायदे ५ आणि वटहुकूम ६६. हिटलर १९३३ च्या जानेवारीत आला. संसद त्याच्या आधीच रिकामी झाली होती. नाझींना घाबरलेले समाजवादी खासदारही ब्रूनिंगच्या वटहुकमांना विरोध करेनात, कारण विरोध केला तर पुन्हा निवडणूक, आणि निवडणूक झाली तर नाझी आणखी वाढणार. त्यांचं गप्प बसणं मला समजतं. त्यामुळेच ते जास्त भीतीदायक वाटतं.

साधाच

तगर, वायमारची तुलना टोकाची वाटते, पण ५ आणि ६६ हे आकडे विचार करायला लावणारे आहेत.

एक कबूल करतो. ज्या टाळेबंदीत साथरोगाचा अध्यादेश निघाला, त्याच टाळेबंदीत ५ जून २०२० ला शेतीचे तीन अध्यादेशही निघाले. पहिल्यात तातडी होती. बाजार समित्यांची दशकांची घडी बदलण्यात कसली तातडी होती हे मलाही सांगता येणार नाही. ते कायदे मला पटले होते, तरीही. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि कायदे मागे घ्यावे लागले. आधी समितीत चर्चा झाली असती, तर कदाचित कायदे टिकलेही असते.

पण सभागृहं चालत नाहीत, या माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलेलं नाही.

मुठाकाठ (धागाकर्ता)

साधाच, उत्तर देतो. तुमचा मुद्दा नवीन नाही आणि फालतूही नाही.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपले दादासाहेब मावळंकर, १९५० पासूनच या प्रश्नावर सरकारला पत्रं लिहीत होते. अध्यादेश काढणं मुळात लोकशाहीविरोधी आहे, अगदी टोकाची तातडी असेल तरच ते क्षम्य, आणि आपण पहिलीच संसद आहोत तर परंपरा घालून द्यायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांनी नेहरूंना लिहिलं. नेहरूंचं उत्तर साधारण तुमच्यासारखंच होतं : अध्यादेश टाळावेत हे मान्य, पण प्रसंग कोणता हा तारतम्याचा प्रश्न आहे. तेव्हा नेहरूंकडे प्रचंड बहुमत होतं, गोंधळ घालणारा विरोधी पक्ष नव्हता. तरी अध्यादेश निघतच होते. म्हणून गोंधळ हे कारण मला अपुरं वाटतं. बहुमत असलं तरी सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि सरकारांना ते टाळावंसं वाटतं.

२०१५ चं उदाहरण याहून बोलकं आहे. भूसंपादनाचा अध्यादेश ३१ डिसेंबर २०१४ ला निघाला. लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत बहुमत नव्हतं. अध्यादेशाची मुदत संपत आली. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना नवा अध्यादेश काढता येत नाही, म्हणून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत एकटी राज्यसभा संस्थगित केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला अध्यादेश पुन्हा काढला. मेअखेरीस तिसऱ्यांदा. ऑगस्टअखेर तो शेवटी मरू दिला. इथे गोंधळ नव्हता. एका सभागृहाचं मत विरोधात जाणार हे माहीत होतं, म्हणून ते मत घेतलंच नाही. कोणत्या पक्षाचं सरकार हा मुद्दा नाही. बिहारमध्ये १९६७ ते ८१ मध्ये जवळजवळ सगळे पक्ष सत्तेत येऊन गेले, अध्यादेश मात्र तेच राहिले.

राज्यपालांनी सही नाकारली तर? ऑगस्ट २०२२ मध्ये केरळात राज्यपालांनी पुन्हा काढायच्या ११ अध्यादेशांवर सही केली नाही आणि ते सगळे मुदत संपून रद्द झाले. हा उपाय मला पटत नाही. निवडून न आलेल्या माणसानं निवडून आलेल्या सरकारला थोपवायचं, तेही मर्जीनं, तर सत्ता एकाच्या हातातून दुसऱ्या एकाच्या हातात जाते.

गोमतेश

ब्राझीलचं कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथल्या १९८८ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाच्या तात्पुरत्या कायद्याला ३० दिवस होते, आणि गप्प बसण्याचा अर्थ आपल्यासारखाच नकार. तरी बिहारचीच युक्ती निघाली : दर महिन्याला पुन्हा काढायचा. १९९४ मध्ये ज्या रियाल योजनेनं तिथली भयंकर महागाई आटोक्यात आली, तीही अशीच महिन्या-महिन्याला नवी करत चालवली आणि संसदेचा कायदा १९९५ मध्ये झाला. शेवटी सप्टेंबर २००१ मध्ये घटनादुरुस्ती झाली : ६० दिवस, एकदाच ६० दिवसांची वाढ, त्याच वर्षाच्या सत्रात पुन्हा काढायला बंदी. शिवाय ४५ दिवस झाले की त्या सभागृहातलं इतर कामकाज अडतं, म्हणजे संसदेला गप्प बसताच येऊ नये.

गंमत नाही, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट : दुरुस्तीच्या दिवशी जे तात्पुरते कायदे चालू होते ते तसेच ठेवले गेले. त्यामुळे ब्राझीलमध्ये डिजिटल सहीला मान्यता देणारा नियम २००१ चा ‘तात्पुरता’ कायदाच आहे.

शाळामास्तर

मी शिक्षक आहे, म्हणून एक विचारतो. अध्यादेशावर विसंबून माणसं नोकरीला लागली, जमिनी दिल्या-घेतल्या गेल्या, प्रवेश झाले, आणि मग तो मेला, तर त्या माणसांचं काय? २०१४ मध्ये आपल्याकडे मराठा आणि मुस्लिम आरक्षण अध्यादेशानं दिलं गेलं. मुस्लिमांचं शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण उच्च न्यायालयानं रोखलं नव्हतं, तरी नव्या सरकारनं त्याचा कायदा केला नाही आणि ते आपोआप गेलं. मुठाकाठ, तुमच्या ‘गप्प म्हणजे नकार’ या नियमाचा हा चटका कोणाला बसतो?

मुठाकाठ (धागाकर्ता)

मास्तर, हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुन्हा बिहारमधूनच आलं.

१९८९ मध्ये तिथल्या सरकारनं ४२९ खाजगी संस्कृत शाळा अध्यादेशानं ताब्यात घेतल्या. शिक्षक सरकारी नोकर झाले. एकामागून एक अध्यादेश निघत राहिले. वाधवा निकाल तीनच वर्षांपूर्वीचा, पण त्याची पत्रास कोणी ठेवली नाही. एकही अध्यादेश विधिमंडळाच्या पटलावर ठेवला नाही. ३० एप्रिल १९९२ ला शेवटचा संपला. शिक्षक म्हणाले, आम्ही सरकारी नोकर आहोत, पगार द्या. खटला जवळजवळ पाव शतक चालला. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, बहुमताचं निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. अध्यादेश पटलावर ठेवणं सक्तीचं आहे. पुन्हा पुन्हा काढणं ही घटनेची फसवणूक. आणि अध्यादेश संपल्यावर त्यातून मिळालेले हक्क आपोआप कायम राहत नाहीत. ते टिकवणं लोकहितासाठी अपरिहार्य आहे का, हे तपासावं लागेल. शिक्षकांना सरकारी नोकरी मिळाली नाही. जो पगार दिला गेला होता तो परत घेऊ नये, एवढंच.

चटका त्या शिक्षकांना बसला. ज्या मंत्र्यांनी आणि सचिवांनी ते अध्यादेश पटलावर ठेवले नाहीत, त्यांना काहीच झालं नाही. निकाल बरोबर आहे असं मी मानतो, आणि ही उणीव त्यात आहे हेही मानतो.

लोकसभेच्या कामकाजाच्या ७१ व्या नियमानुसार अध्यादेशाच्या जागी विधेयक आणताना एवढी घाई का होती याचं निवेदन सोबत जोडावं लागतं. ते निवेदन सार्वजनिक असतं. आपल्या खासदाराला त्यावर एक तरी प्रश्न विचारायला लावणं आपल्या हातात आहे.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

एक भर. हृदयनाथ कुंझरू यांनी १९४९ मध्ये संविधान सभेत या अध्यादेशांची मुदत आखूड करायची दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. कुंझरू तेव्हा भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते, आणि वाधवा ज्या गोखले संस्थेत बसून राजपत्रं मोजत होते ती याच समाजानं १९३० मध्ये सुरू केलेली.

शाळामास्तर, राज्याचे अध्यादेश शासनाच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर मिळतात. भाग आठ बघा. तारीख टिपून ठेवा, पुढचं अधिवेशन कधी सुरू झालं ती तारीख शेजारी लिहा, आणि सहा आठवडे मोजा.

शाळामास्तर

बघतो. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या मुलांकडूनच ही यादी करून घेतो, आणि झाली की इथेच टाकतो.